बारा पानं आणि दीड हजार रुपये

काकी,
माझं सासर देवगड तालुक्यात, खाडीच्या कडेला. नवरा रिक्षा चालवतो, मी अंगणवाडीत मदतनीस आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवऱ्याचे दोन चुलतभाऊ मुंबईहून बायका-मुलं आणि आईला घेऊन गावी येतायत. शनिवारी रात्री त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलंय. ते आठ, आम्ही चार. बारा पानं, त्यात चार मुलं. गेल्या दिवाळीत आम्ही मुंबईला गेलो तेव्हा मोठ्या दिरांनी सगळ्यांना हॉटेलात नेलं होतं. बिल बघून मला घाम फुटला. आता जाऊबाईंचा फोन आला, 'यंदा तुझ्या हातचं माशाचं जेवण हवं.' बाजारात सुरमईचा भाव विचारला आणि गप्प परत आले. हातात ₹१५०० आहेत. नवरा म्हणतो, उसने घेऊ, पण मान खाली नको. सासूबाई म्हणतात, खुराड्यातला कोंबडा कापू. तांदूळ घरचा आहे, दोन माड आहेत, परसात रायवळ आंबा आणि बरका फणस आहे. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?
– देवगड तालुक्यातली एक सून

बाय,

सगळ्यात आधी तो शनिवार बदल. बारा माणसांत एकाचा तरी शनिवार असतोच. तुझ्या चुलत सासूबाई येणार आहेत, त्यांच्या वयाच्या किती बायका शनिवारी मासे खातात ते तुला माहीत आहे. तू पदराला खार लावून मासे आणशील आणि जेवणातलं सगळ्यात मोठं माणूस डाळभातावर बसेल. आजच जाऊबाईंना फोन कर आणि सरळ विचार, 'कोणाचा कुठला वार आहे?' असं विचारण्यात काही कमीपणा नाही, उलट घरातल्या बाईने आपली आठवण ठेवली असंच वाटतं. माझ्या मते शुक्रवार रात्र चांगली. रविवारी अख्खा गाव पिशवी घेऊन बाजारात उतरतो आणि भाव चढतो. शुक्रवारी तेवढी झुंबड नसते.

आता उसने पैसे. घेऊ नका. नवऱ्याच्या मनात काय आहे ते मला कळतं, भावासमोर हात आखडता घ्यायला कुठल्याच पुरुषाला आवडत नाही. पण जूनमध्ये पाऊस लागला की रिक्षाचा धंदा निम्म्यावर येतो, लेकीची शाळा सुरू होते, वह्या-छत्री-रेनकोट सगळं एकदम दारात उभं राहतं. एका रात्रीच्या जेवणाचं देणं त्या जूनमध्ये ढकलायचं नाही. हे त्याला रागाने सांगू नकोस. कागदावर जूनचा खर्च लिही आणि दोघं बसून बघा.

मी तुला हे इतक्या ठामपणे सांगते कारण मी ते केलंय. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नणंद, तिच्या सासरची माणसं आणि आम्ही घरचे मिळून अकरा जण जेवायला होतो. मी उधारीवर सुरमई आणली. एक मोठा मासा, चांगल्या जाड तुकड्या पाडून घेतल्या. घरी येऊन मीठ-मसाला लावताना मोजल्या तर नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच. परत बाजारात जायला पैसे नव्हते आणि वेळही नव्हता. जाड तुकडी मधून चिरायला गेले तर ती काट्याशी फुटली. शेवटी सासरे, पाहुणे, मुलं, नणंद असं वाढत गेले आणि माझ्या व सासूबाईंच्या पानात तुकडी आली नाही. नणंदेने विचारलं, 'वहिनी, तुला?' मी म्हटलं, 'माझा आज उपास.' ती मंगळवारची रात्र होती आणि माझ्या पानात भात-आमटी होती. तिला कळलं. तिने आपली अर्धी तुकडी उचलून माझ्या पानात ठेवली आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं. ती उधारी फेडायला तीन महिने लागले, पण मला आठवतो तो तव्याजवळ उभं राहून तुकड्या मोजण्याचा क्षण.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी मला एक गोष्ट सांगितली. आज इतक्या वर्षांनी ती तुला देते. जेवणात दोन जातीचे पदार्थ असतात. एक मोजून वाढायचे, दुसरे डावाने वाढायचे. तुकडी, वडा, लाडू मोजून वाढतात. कालवण, सांबारं, कढी, भात डावाने. कमी पडतं ते नेहमी मोजलेलं, आणि ते कमी पडलेलं प्रत्येकाला दिसतं. म्हणून मोजायची वस्तू घरातली, स्वस्त, हवी तेवढी करता येण्यासारखी असावी. विकतची महाग वस्तू डावात जावी. तळलेली सुरमई ही नेमकी उलटी गोष्ट आहे, सगळ्यात महाग आणि सगळ्यात मोजलेली. शिवाय तेल भरपूर जातं आणि पाहुणे बाहेर बोलत असताना तू तव्यापाशी घामाघूम.

तर शुक्रवारचा बेत मी असा करीन: माशाचं एक कालवण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, रायवळ आंब्याचं रायतं आणि शेवटी फणसाची सांदणं. एवढं पुरे. याहून एकही पदार्थ वाढवू नकोस. प्रत्येक वाढीव पदार्थ म्हणजे थोडं तेल, थोडा गॅस, एक नारळ आणि तुझा एक तास.

मासा कुठला, हे आत्ता ठरवू नकोस. 'पापलेट आणायचं' असं ठरवून गेलेला माणूस पापलेटाच्या भावाचा गुलाम होतो. त्या दिवशी बंदरावर जे जास्त आलंय ते घ्यायचं. मेच्या शेवटाला समुद्र खवळायला लागतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या आठवड्यात सगळ्यांनाच घाई आणि भाव वरखाली. जिच्याकडून नेहमी घेतेस तिला गुरुवारीच सांगून ठेव, 'बारा माणसं आहेत, कालवणाला हवंय, माझ्याकडे नऊशे आहेत.' आकडा खरा सांग. मासे विकणाऱ्या बायका घासाघीस करणाऱ्याशी घासाघीस करतात, पण जिने खरं सांगितलं तिला आमच्याकडे तरी त्यांनी कधी फसवलेलं मी पाहिलं नाही. उलट वाट्यात चार जास्तच पडतात. नऊशेच्या वर मात्र जायचं नाही. उरलेल्या सहाशेत वाटाणे, उडीदडाळ, तेल, गूळ, कांदे आणि लागलीच तर बर्फाची लादी.

लहान कोलंबी मिळाली तर डोळे झाकून ती घे. कोलंबी हे डावाने वाढायचं कालवण आहे, कोणाच्या पानात किती आली हे कोणी मोजत नाही, आणि मुंबईच्या मुलांना काट्याची भीती नाही. सोलताना डोकी आणि सालं फेकू नकोस. धुऊन पाण्यात दहा मिनिटं उकळ, गाळ आणि तेच पाणी कालवणात घाल. किलोभर कोलंबीला दीड किलोची चव येते. त्यात कैरी घाल, मे महिना आहे, चिंच-आमसुलाची गरजच नाही. दोन शेवग्याच्या शेंगा किंवा दोन बटाटे घातलेस तर टोप भरतो आणि चव बिघडत नाही, आपल्याकडे तसं करतातच.

कोलंबी नसेल तर बांगडा. तळायचा नाही. एका बांगड्याचे तीन काप, डोकी ज्याला आवडतात त्याच्यासाठी वेगळी ठेव. ओल्या खोबऱ्याचं वाटप, सुक्या मिरच्या, धणे, हळद, आमसुलं. तिरफळं आठ-दहा, आतली काळी बी काढून, नुसती ठेचून, शेवटी. कालवणाला उकळी आल्यावरच काप सोड आणि त्यानंतर डाव घालू नकोस, टोप दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलव. सात-आठ मिनिटांत होतं. हे दुपारी चारलाच करून झाकून ठेव, रात्रीपर्यंत मुरतं. वाढताना डावात पहिल्यांदा दोन काप येतील, मागितलं तर एक. रसावर माणूस जेवतो, बाय. बांगड्याच्या रसाशी उकडा भात खाणाऱ्याला तू सुरमईबद्दल विचारून बघ.

खाडी तुझ्या दारात आहे म्हणतेस. सासूबाईंना ओहोटीची वेळ आणि तिसऱ्या-मुळ्यांची जागा माहीत असेल तर सकाळी पाटीभर शिंपल्या फुकट मिळतात. मिळाल्या तर त्यांचं सुकं कर आणि मासे निम्मे आण. पण वाळू निघायला पाण्यात दोन-तीन तास ठेवायला हव्यात, आणि शिजवल्यावर ज्या शिंपल्या उघडल्या नाहीत त्या टाकून द्यायच्या, तिथे काटकसर नाही. माहीत नसेल तर या भानगडीत पडू नकोस.

काळे वाटाणे अर्धा किलो, गुरुवारी रात्री भिजत. फुगून ते दुप्पट होतात आणि शुक्रवारी दुपारी शिजवलेस की बारा माणसांना होऊन उरतात. वाटप कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून कर, घाई केलीस की सांबारं पांढुरकं आणि गोडं होतं. मालवणी मसाला घरचा असेलच. हे सांबारं म्हणजे तुझा आधार. मासे कमी आले, एखादा मासे न खाणारा निघाला, उशीर झाला, काहीही होऊ दे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी पानात असली की ते जेवण पूर्ण आहे.

आंबोळ्या म्हणजे तुझी मोजायची वस्तू. मोजू देत खुशाल. सहा वाट्या तांदूळ, दोन वाट्या उडीदडाळ, दोन चमचे मेथी. यातून मध्यम आकाराच्या पस्तीसेक निघतात. गुरुवारी रात्री भिजत घाल आणि शुक्रवारी सकाळी वाट. मेच्या उकाड्यात पीठ सहा-सात तासांत फुलतं, रात्री वाटून ठेवलंस तर संध्याकाळपर्यंत आंबट ढाण होईल. पाच वाजता दोन तवे मांड, एकावर तू, एकावर सासूबाई. टोपलीत सुती फडकं घालून एकावर एक रच आणि झाकून ठेव, रात्री नऊपर्यंत मऊ राहतात. वडे करायचा मोह होईल. करू नकोस. वडे गरमच लागतात, तेल पितात आणि तू परत चुलीशी.

नारळांचा हिशोब करून ठेव, कारण कोकणातल्या जेवणाचा खर्च तिथे लपलेला असतो. कालवणाला दोन, सांबाऱ्याला एक, सोलकढीला दोन, सांदणांबरोबरच्या रसाला एक. सहा झाले, सातवा हाताशी. दोन माड आहेत म्हणजे विकत घ्यायचे नाहीत, पण नारळ उतरवणारा पाडेली आयत्या वेळी मिळत नाही. आठवडाभर आधी त्याला गाठ. सोलकढीचा रस संध्याकाळी काढ, पण कोकमाचं आगळ वाढायच्या अर्धा तास आधीच मिसळ, उन्हाळ्यात आधी करून ठेवलेली कढी फुटते. आगळात मीठ असतं, म्हणून मीठ चाखून शेवटी. रस काढून उरलेला चोथा टाकू नकोस, कढईत कोरडा भाज, त्यात लसूण-तिखट आणि भाजलेला मूठभर सुका जवळा घाल. पानाच्या डाव्या बाजूला ही चटणी लागली की मुंबईकर तीच आधी बोटाने चाटतात.

रायतं सोपं आहे. पिकलेले छोटे रायवळ सोलून अख्खेच, खोबरं-मोहरीचं वाटप, गूळ, मीठ, एक सुकी मिरची. बाठा चोखत बसायला मुलांना आवडतं. हापूस विकत आणू नकोस. हापूस ते मुंबईत पेटीने खातात.

सांदणं तू करत असशीलच. बरक्याचे गरे चाळणीवर घासून रस काढायचा, त्यात तांदळाची भाजलेली कणी, गूळ, किंचित मीठ, तासभर मुरू द्यायचं आणि वाट्यांतून वीसेक मिनिटं वाफवायचं. शुक्रवारी सकाळी करून ठेव. बरका फणस गावात कोणी विकत घेत नाही, झाडाखाली पडून सडतो, आणि तिकडे मुंबईत जाऊबाईंच्या मुलांनी सांदण हा शब्दसुद्धा ऐकला नसेल. हीसुद्धा मोजायची वस्तू. चोवीस कर.

कोंबड्याबद्दल. सासूबाई प्रेमाने म्हणतायत, त्यांच्याकडे देण्यासारखं जे आहे ते त्या पुढे करतायत, म्हणून 'नको' असं तोडून बोलू नकोस. पण मासे आणि कोंबडा एका रात्री नको. जाऊबाईंनी मासे मागितलेत, मासेच कर. त्या आठवड्यात पाऊस आधीच आला आणि बंदरात काहीच नसेल, तर मात्र कोंबडा. गावठी कोंबडा आहे, शिजायला वेळ घेतो, सकाळीच चुलीवर ठेवावा लागेल, आणि तोही रसातच, डावानेच. तसं झालं तर सांबारं करू नकोस, ते वाटप तिकडे वापर. सासूबाईंना सांग की तो कोंबडा तुमचा राखीव आहे. त्यांना बरं वाटेल.

आता त्या हॉटेलच्या बिलाबद्दल, कारण मला वाटतं तुझी झोप सुरमईने नाही, त्याने उडवलीय. तुझ्या दिरांनी तुम्हाला हॉटेलात नेलं कारण मुंबईच्या दोन खोल्यांत बारा माणसांची पंगत बसत नाही. त्यांच्याकडे जागा नव्हती, पैसे होते. तुझ्याकडे घरापुढचं खळं आहे, माड आहेत, सासूबाईंचा हात आहे, पैसे कमी आहेत. ज्याच्याकडे जे, ते तो पुढे करतो. ते बिल तुझ्या नावावर कोणी मांडून ठेवलेलं नाही. आणि तो फोन नीट आठव. जाऊबाईंनी सुरमई मागितली का? त्या म्हणाल्या, 'तुझ्या हातचं.'

त्या 'काय आणू?' म्हणून विचारतील. विचारतातच. 'काही नको, तुम्ही या' असं म्हणू नकोस. सांग, 'वहिनी, चांगले कांदे-बटाटे आणा, आणि संध्याकाळी जरा लवकर या, आपण दोघी मिळून कोलंबी सोलू.' घर त्यांचंही मूळ घर आहे. पाहुणीसारखं ओटीवर बसवून ठेवलं तर त्यांनाच परकं वाटतं. हातात विळी दिलीस की त्या माहेरच्या गोष्टी सांगायला लागतील.

केळीची पानं परसातली काप, ताटांची जमवाजमव नको, भांडी घासणंही वाचतं. खळ्यात सतरंज्या टाका. पंगत मात्र आपल्याकडे घालतात तशी नको, आधी पुरुष, मग मुलं, मग रात्री साडेदहाला बायका आणि टोपाच्या बुडाला लागलेलं कालवण. आधी चार मुलांना बसव, साडेसातलाच, त्यांना भूक धरवत नाही. मग आठही मोठी माणसं एकदम. टोप, टोपली, कढीचं भांडं पंगतीच्या मधोमध ठेवा आणि प्रत्येकाने एकेकदा उठून वाढा. नवऱ्याला आधीच सांगून ठेव की दुसरा भात तो वाढणार.

आणि पंगत बसण्याआधी, मुलांना वाढण्याच्याही आधी, एक वाटी घे. त्यात तुझं आणि सासूबाईंचं कालवण काढ, कोलंबी किंवा काप सकट, आणि फळीवर झाकून ठेव. सगळ्यांना पुरून उरलं तर ती वाटी परत टोपात ओत. नाही उरलं तर ती तुमची. त्या वाटीबद्दल कोणाला सांगायची गरज नाही आणि तिची लाजही नको. माझ्या घरी आजही कितीही पाहुणे असोत, ती वाटी पहिल्यांदा निघते, आणि आता माझी सून ती काढते.

जेवण उरलंच तर सांबारं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, सकाळी ताज्या घावण्यांबरोबर लेकीला दे. शनिवारच आहे, मासे नकोतच.

एक काम मात्र आजच कर. नारळ खवायचं काम शुक्रवारी दुपारी नवऱ्याकडे दे. सात नारळ आहेत, दोन तास जातील. त्या दिवशी रिक्षा दुपारनंतर बंद ठेवायला त्याला आत्तापासून सांग, म्हणजे तो भाडी सकाळची घेईल.

तुझी,
काकी